इतर एक

बस पावणेसहाला यायची, रुवीच्या क्लॉक टॉवरपाशी.
डोंगर अजून काळे, मशिदीचा दिवा हिरवा,
मी अर्धवट झोपेत, वेण्यांना पांढऱ्या रिबिनी,
डब्यात सांदण, कागदात गुंडाळलेलं.
कागद मल्याळम, कारण खालचा दुकानदार कण्णूरचा.

आमचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा.
हिंदीच्या पुस्तकातला मुलगा मात्र
रविवारी नदीवर पोहायला जायचा.
मी विचारलं, याचं नाव शाळेतून काढलंय का?
वर्ग हसला.
नदीबद्दल कोणीच काही विचारलं नाही.
आमच्याकडे होती ती वादी, दगडगोट्यांची, कोरडी.
अब्बा तिला वाडीच म्हणायचे,
आणि गावाकडे वाडी म्हणजे बारा घरं, एक विहीर.
मला बरेच दिवस वाटायचं
की इथली घरं पाण्यात वाहून गेली असणार.

फॉर्मवर मातृभाषेपुढे एक चौकट होती.
दिवसभर बंदरात पोती मोजणाऱ्या हाताने
अब्बांनी सावकाश लिहिलं: मराठी.
खिडकीतल्या माणसाने नाव वाचलं,
तहसीन इब्राहिम दळवी,
मग अब्बांची दाढी वाचली.
"उर्दू लिहायचं असेल ना?"
"घरात जी बोलतो ती लिहिली."
त्याने वाद घातला नाही.
पेन्सिलीने बाजूला काहीतरी खूण केली.

आणि तिवारी बाईंनी वर्गात आकडे वाचले,
मलयालम सत्रह, तमिल नौ, गुजराती चार,
इतर एक.
मला ऐकू आलं, इत्र.
मत्र्याच्या बाजारातला लखनौवाला
कुपीतल्या वासाला तेच म्हणायचा.
दिवसभर मी माझं मनगट हुंगत राहिले.
खडूचा वास येत होता,
थोडा नारळाचा.

मुलं म्हणायची तहसील.
एकाने तर वहीचं पान पुढे केलं, साहेब, शिक्का मारा.
चौथीत अरबीला सुदानचे उस्ताद सिद्दीग आले.
त्यांनी नाव उच्चारलं आणि त्यातला ह
चष्म्याच्या काचेवर वाफ सोडावी तसा छातीतून आला.
"तहसीन बिंत इब्राहिम," ते म्हणाले, "बरोबर?"
वडलांचं नाव मध्ये का, हे पहिल्यांदाच
कोणाला समजवावं लागलं नाही.
"आणि दळवी? कबिला?"
मी म्हटलं, गावात हिंदू दळवीही आहेत.
ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
"मग तुमचे पूर्वज एकच असतील."
भावकीला अरबीत काय म्हणतात, मला माहीत नव्हतं.
परीक्षेत मला सत्तावन्न पडले, बिन्सीला नव्वद.
तिवारी बाई म्हणाल्या, तुला तर यायलाच हवं होतं.

बाई हजेरीत लिहायच्या दलवी.
सात वर्षं लिहिलं, सात वर्षं मी हजर म्हणाले.
घरी अम्मी हाक मारायची, केळं खा, वेळ झाली, पळ,
आणि शाळेत त्या अक्षराला कुठे जागाच नव्हती.
फळ्यावर नाही, पुस्तकात नाही,
आमच्या आडनावातून ते गळून गेलं होतं,
आणि मीसुद्धा वहीवर बाईंसारखंच लिहू लागले होते.

एकदा बसमध्ये, अंधारातच,
बिन्सीने माझं अर्धं सांदण खाल्लं,
म्हणाली, आमच्या वट्टयप्पमसारखंच, फक्त गोड जास्त.
मग बोट चाटत सहज म्हणाली,
"दळवी, उद्या दोन आण."
मी दचकले. पुन्हा म्हण, म्हटलं.
"काय? दळवी."
जीभ अशी मागे वळवून, सरळ, न अडखळता.
तुला कसं येतं?
ती माझ्याकडे बघत राहिली, वेड्यासारखी,
आणि एकेक अक्षर सुटं करत
तिच्या भाषेचं नाव तिने मला सांगितलं,
म, ल, या,

बस वादीच्या पुलावर चढत होती.
चौथं अक्षर आम्ही दोघींनी एकदम म्हटलं,
पुढच्या सीटवरचा मुलगा झोपेतून उठून
मागे वळून बघेपर्यंत.