मळीबरोबर गेलेला रस

केरबा चौगले, भुये, वय एकसष्ट.
धंदा: गुळव्या.
शाहूपुरीतल्या आमच्या लॅबमध्ये आले
तेव्हा अंगाला अजून चुलवाणाचा वास होता.

तीन महिन्यांची सरासरी सात पूर्णांक एक.
डॉक्टर म्हणाले, बरं आहे की.
मीही शिक्का मारून मोकळी झाले असते,
पण सुई काढताना ते सहज बोलून गेले,
"चाखल्याबिगर काहिल उतरत न्हाई, बाई.
दिवसाला चार आदणं."

चार आदणं, चार वेळा जीभ,
वर दुपारची भाकरी, आणि भाकरीवरची काकवी,
जी कुणीच जेवणात धरत नाही.
सरासरी म्हणजे हंगाम सरल्यावर हातात आलेली पट्टी,
एवढ्या रव्यांचे एवढे.
कुठल्या दुपारी काहिल उतू गेली
ते अडत्या कशाला लिहील?

म्हणून आणखी एक नळी भरली,
एका अवघड नावाच्या, वेगळ्याच साखरेसाठी.
ती पुण्याला गेली. सहाव्या दिवशी आकडा आला,
पाच.

"कमी हाय. म्हंजे चांगलंच की."
"नाही मामा, हिचं उलटं असतं.
जेवल्यावर रक्तातली साखर काठाबाहेर गेली
की मूत्रपिंडाला ती आवरत नाही, लघवीतून जाते,
आणि तिच्या गर्दीत हीपण वाहून जाते.
जितक्या वेळा उतू, तितकी ही कमी."

ते गप्प. मग रिकाम्या हातानं
हवेतच झारा फिरवला.
"मळी काढताना थोडा रस जातोच बघा.
रस किती घटला त्यावरनं कळतं
किती डाव मळी वर आलती."

मला हे कळायला
कॉलेजात अख्खं सत्र लागलं होतं.

मार्चात परत आले. वर्तमानपत्रात
गुंडाळलेला गुळाचा खडा
रक्ताच्या नळ्यांशेजारी ठेवला.
"ह्यो न चाखता उतरवला.
पाण्यात गोळी टाकून बघितली, बुडबुड्याचा आवाज ऐकला,
जीभ दातात धरून बसलो.
तुम्ही सांगा कसा झालाय."

लॅबमध्ये खायचं नसतं.
मी मागच्या जिन्यात गेले.
रंग देखणा. कण मऊ.
अगदी शेवटी, टाळूला,
किंचित करप.

आत आले तर ते माझ्या तोंडाकडे बघत होते,
रिपोर्ट उघडताना सगळेच बघतात तसे.
चाळीस वर्षं ज्यांच्या जिभेवर
गावाचा गूळ उतरला
त्यांना गोड बोलून चाललं असतं का?

"करपलाय, मामा. थोडासा."

"वाटलंच मला," म्हणाले,
आणि बाही वर सारून
हात पुढं केला.