फरकाचे कारण

नवा कायदा आला तेव्हा आम्ही गल्ला बदलला.
वडिलांचा जुना, लाकडी, ओढला की कण्हणारा,
माळ्यावर गेला. त्यात आता बिस्किटांचे साचे.
नव्याच्या पोटात बोटाएवढी एक चकती:
दाबलं ते गिळते,
आणि पाठीत गुद्दा घातला तरी ओकत नाही.
प्रत्येक विक्रीला पावती.
खसखशीच्या एकट्या पावालाही पावती,
पावापेक्षा लांब.

नाइसेकाठचं आमचं गाव आधी हसलं, मग चिडलं, मग विसरलं.
"राहू दे, इर्मेला," म्हणतात,
आणि चिठोरी काउंटरखालच्या टोपलीत जातात.
कायदा म्हणतो, द्यायची.
घ्यायची, असं म्हणत नाही.
कुठल्याशा कचेरीत कुणीतरी एवढी फट ठेवली,
त्याचं भलं होवो.

सहा पन्नासला कुपका येतो.
जन्मभर रेल्वेचे सांधे बदलले त्याने,
गाड्या वळल्या, तो नाही.
दहाची तीन नाणी मांडतो, एका ओळीत.
पाव पंचाहत्तर सेंटचा झालाय, हे पाटीवर आहे.
पाटी तो वाचत नाही,
किंवा वाचतो. मी विचारलं नाही.

वडिलांच्या गल्ल्यात हे खपून जायचं.
संध्याकाळी ते म्हणायचे, "आज पीठ जरा जास्त उडालं."
चकतीला पीठ उडणं कळत नाही.
म्हणून तो पाठमोरा झाला की मी
ॲप्रनच्या खिशातून पंचेचाळीस सेंट टाकते.

फेब्रुवारीत, न सांगता, तपासनीस आला.
झाइडलर. बुटांवरचं बर्फ दाराशीच झाडलं, नीट.
चौदा महिन्यांचा हिशेब यंत्रातून उपसला
आणि भुवया चढवल्या.
"एका सेंटचाही फरक नाही."
"मग बरंच की."
"बाई, खरा गल्ला कधी जुळत नसतो.
माणसं नाणी पाडतात, मोड चुकवतात.
जुळतो तो जुळवलेला."

उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात.
माझा डावा हात आता सरकारी नोकरीत होता.
सांगितलं सगळं.

त्याने लिहिलं नाही काही.
एक बटण दाखवलं: सवलत.
"पण कारण निवडावं लागतं."
यादी उघडली.
कर्मचारी. खराब माल. जाहिरात. इतर.
"इतर नको," तो म्हणाला, "खुलासा जोडावा लागतो."
खराब माल म्हणायला माझा हात धजेना.
राहिली जाहिरात.
जाताना एक पाव घेतला, पंचाहत्तर मोजले,
आणि पावती घडी करून पाकिटात ठेवली.
असं करणारा तो पहिलाच.

दुसऱ्या दिवशी, सहा पन्नास.
खसखस पाव, पंचाहत्तर.
सवलत, जाहिरात, पंचेचाळीस.
रोख, तीस.
सगळं छापलेलं. चिठोरं टोपलीकडे नेलं,
आणि कुपका वळला नाही.
"मला नाही का? सगळ्यांना विचारतेस."
हात पुढे,
जुन्या सिग्नलच्या दांड्यासारखा आडवा.

हा कागद शाईवर नाही, उष्णतेवर चालतो.
भट्टीजवळ ठेवलेलं एक अख्खं बिंडोळं
पहिल्याच आठवड्यात काळं पडलं होतं,
तेव्हा किती शिव्या दिल्या होत्या मी.
मागे पत्रे नुकतेच बाहेर निघाले होते.
वळले. पावती पत्र्याला टेकवली.
एक श्वास, फार तर दीड.

दिली. नियमाप्रमाणे.

त्याने चष्मा लावला.
ते काळं चिठोरं दिव्याकडे धरलं,
बराच वेळ, जणू वेळापत्रक.
मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.
"यंत्र बिघडलंय तुझं."
"हो."
"दुरुस्त करून घे."
घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली,
पाव उचलला.

दारातून म्हणाला, "घाई नाही."