तरवडीला कान असतात

पौषात शेंगा खडखडू लागल्या की तोडायच्या.
लळिंगच्या घाटात, मुरमाच्या उतारावर,
ज्या झुडपाला बकऱ्या तोंड लावत नाहीत, ते.
पिवळं फूल तेव्हा संपत आलेलं असतं,
ओळखायचं पानांवरून:
देठाच्या बुडाशी दोन गोल पानं,
कानाच्या पाळ्यांसारखी.
कुणाचं तरी बोलणं चालू असल्यासारखी.

बी कडक. नुसतं पेरलं तर वर्षभर पडून राहतं,
मातीला दाद देत नाही.
फरशीच्या तुकड्यावर घासायचं,
एक बाजू फिकट होईपर्यंत.
चहाचं आधण उतरवायचं,
बाराचा पाढा म्हणून होईस्तोवर थांबायचं,
मग ओतायचं बियांवर आणि झोपायचं.
सकाळी फुगलेलं तळाशी बसतं.
तरंगणारं टाकून द्यायचं.
(मी एक तरंगणारंही लावलं होतं.
नाही आलं.)

कुंडी नको.
हिची मुळी सरळ खाली जाते, वळ म्हटलं की रुसते.
प्लंबरकडून चार इंची पाइपचा उरलेला तुकडा आणला, हातभर,
मुरूम भरला, थोडी वाळू. शेणखत अजिबात नाही.
आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दोन बिया.
तेराव्या दिवशी एक वाकडी मान.

कुंपणापलीकडून सूर्यवंशीबाई म्हणाल्या,
“तरवड? इंगळेबाई, ती तर बांधावर फुकट येते.
देवपुरात बंगला बांधलात, शेवंती लावा की.”
मी म्हटलं, लावीन.

अमळनेरला, बोरीच्या काठी, आमच्या आळीत
तरवड भाऱ्यांनी यायची.
दादा साल सोलायचे. अंगठ्याचं नख
कायम तपकिरी, लग्नातसुद्धा.
कातडं पिशवीसारखं शिवून तिवईला टांगायचं,
आत सालीचं पाणी,
खाली घमेलं,
गळेल ते पुन्हा वर ओतायचं, दिवसभर,
ते काम माझं, शाळेतून आल्यावर.
त्या कातड्यांच्या मोटा व्हायच्या.
मग विहिरींवर इंजिनं आली,
आणि एका हिवाळ्यात तिवया चुलीत गेल्या.

वर्गात मला कुणी काही म्हणायचं नाही.
खिडकी तेवढी उघडायचे.

पहिल्या वर्षी फूल मागायचं नाही.
पाणी आठवड्यातून एकदा, तेही हात आखडून.
दादा आता नव्वदीचे, ओट्यावर बसून ऐकतात
बादलीचा आवाज, आणि ओरडतात,
“पानी दखाड, पाजू नको! मरी जाई!”
पाइप उभा चिरून, मुळी न दुखवता
कोपऱ्यात जमिनीत उतरवली, तेव्हाही
तेच सांगत होते, खड्डा किती, कुठे, उताराकडे की नाही.
डोळ्यांना दिसत नाही. त्याने काही अडत नाही.
पानांवर हिरव्या अळ्या आल्या तर मारू नयेत,
त्यांची फुलपाखरं होतात, पिवळीच.
झाडाला पानं पुन्हा येतात.

दुसऱ्या भादव्यात फुलली.
सकाळी काळा भुंगा, फुलात शिरून
एवढा गुरगुरतो की सूर्यवंशीबाई बघायला आल्या,
आणि दोन फुलं न विचारता देवाला नेली.

त्या दिवशी दादांना हाताला धरून नेलं.
चाचपडत खोडापाशी गेले.
अंगठ्याचं नख आपोआप वळलं,
दोन बोटं साल सुटली,
वास आला.
नाकाशी धरली, चिमटीत दाबून पाहिली,
म्हणाले, “आखो दोन वरीस.”

मी हो म्हटलं.
कशाला, ते विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही.

बहर संपला की शेंडे वीतभर छाटायचे,
म्हणजे पुढच्या वर्षी झुडूप दाट होतं.
मी छाटले. टाकून देववेनात,
न्हाणीत बादलीभर पाण्यात ठेवले.
सकाळी पाणी चहासारखं झालं होतं.
कोपरापर्यंत हात घातला,
बराच वेळ.
न्हाणीला खिडकी आहे, लहानशी.
ती बंदच राहू दिली.