डबल बेल

चौदा वर्षं उभ्यानं गेली.
शिरपूर ते सेंधवा, मग परत, मग पुन्हा,
सीटांच्या मधल्या दीड फुटात
कंबर चौथ्या सीटच्या पाठीला टेकवून.
मशीन उजव्या हातात, सुटे डाव्या,
आणि तोल?
तो कुठं ठेवला होता
कधी बघितलंच नाही.

बिजासनच्या घाटात वळण येण्याआधी
माझं अंग वळतं.
लोक म्हणतात, बाई, तुम्ही काही धरत नाहीत!
मी हसते. सांगणार काय,
धरायला हात मोकळा असतो कुठं.

यंदा कानबाईला रजा मिळाली.
दोन मागितल्या, दीड दिली.
रविवारी रोट, गंगाफळाची भाजी, रात्रभर जागरण,
सोमवारी सकाळी नारळाच्या तोंडाची कानबाई
नथ घालून, चौरंगावर बसून
गल्लीतून निघाली अरुणावतीकडे.
चौरंग ठगूबाईच्या डोक्यावर.
सत्तरीची बाई, गुडघ्याला पट्टा,
नाचत होती,
आणि चौरंगावरचा दिवा
घरातल्यासारखा जळत होता.

मी कडेला, पर्स काखेत दाबून.
तिनं चौरंग सुनेकडे दिला
आणि माझी मनगटं धरली.
"ये वं, फुगडी खेळू."
"माले नही येस आते."
"पाय उचल. इचार नको करू."

पहिल्या फेरीत मी मोजत होते.
बावीस बायका, सहा पोरं,
त्यातली दोन हाफ.
दुसऱ्या फेरीत शुक्रवारचे सत्तावीस रुपये,
हिशेबात कमी आले, मी भरले.
तिसऱ्या फेरीत भाऊ आला.
रोट खायला भाऊबंद बसतात एका पंगतीला,
तो दोन वर्षं येत नाही.
चौथ्या फेरीतही तोच.
त्यानंतर किती झाल्या माहीत नाही.
मोजणारं माणूस
मधल्याच कुठल्या थांब्यावर उतरून गेलं,
मला न सांगता.

दारं, सायकली, निळी टाकी,
बँडवाल्याचा फुगलेला गाल,
सगळं एका ओल्या बोटानं पुसल्यासारखं.
ठगूबाईचं तोंड तेवढं जागेवर,
कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं.

आणि तेव्हा कळलं
(हसू नका, एवढंच कळलं)
की माझ्या पायाची बोटं आवळलेली आहेत.
बुटात, चपलेत, झोपेत,
लेकीच्या मांडवात,
सासऱ्यांच्या खाटेशी धुळ्याच्या दवाखान्यात.
चौदा वर्षं मी जमीन
बोटांनी धरून ठेवली होती,
जणू तीच पुढच्या वळणाला निसटणार.
आणि लोक म्हणतात,
बाई काही धरत नाहीत.

मी बोटं सोडली.
एकेक नाही सुटली. दहाच्या दहा.

मग मी रडले की नाचले, ठगूबाईला विचारा.
ती म्हणते, "काही नही वं,
तू फक्त जड व्हती, मंग हलकी व्हयनी."

नदीत पाणी पोटरीएवढं.
कानबाई बुडवून मूठभर वाळू घरी आणली,
तांब्याजवळ ठेवली.
रात्री पाय चेपायला बसले
तर ते आधीच झोपलेले.

मंगळवार, सहा दहाची गाडी.
पळासनेर सोडलं, घाट लागला,
बुटात बोटं पुन्हा गोळा होऊ लागली.
त्यांना म्हटलं, राहू द्या.
राहू दिलं त्यांनी,
आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा
मी धाडकन जाऊन बसले
एका पावऱ्या बाबाच्या कांद्याच्या गोणीवर.
सगळी गाडी हसली.
बाबा म्हणाला, बाई, धरत जा काहीतरी.

गिरासे ड्रायव्हरनं आरशातून विचारलं,
"काय झालं? थांबवू का?"

मी गोणीवरूनच हात वर केला,
दोरी सापडली.
दोनदा ओढली.