फीडर तीन

सावर्ड्याच्या वीज कचेरीतलं रजिस्टर
वाळवीच्या आधी माझ्या हाती लागलं.
बापाचं अक्षर, तिसरी पास, रेघेखाली लोंबणारं:
‘सांजे ५.४२ फीडर तीन बंद.
कारण चुडत. ५.४३ चालू.
सोयरू वेळीप, लाइनमन.’

चुडत म्हणजे माडाचं झावळं.
ते तारेवर अडकलं होतं, कुडचड्याच्या बाजारामागं,
आणि बरोबर खाली एक म्हैस उभी होती,
म्हशी उभ्या राहतात तशी, कुणाचं काही देणं नसल्यासारखी.
बापानं खांबावरचं हँडल खाली ओढलं,
बांबूनं चुडत पाडलं,
म्हशीला एक शिवी दिली, हँडल वर केलं.
झालं.

पण त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला,
नदीकाठच्या मिठाच्या रिकाम्या कोठारात,
चौघं जण एक गाणं पकडत होते.
मिंगेल बार्रेतनं ठेका उचलला होता बार्जच्या इंजिनावरून:
दोन जड, एक अडखळता,
दर फेरीला गाळ आठवल्यासारखा.
लोटलीकरांच्या विश्वंभरनं रेडिओचे व्हॉल्व्ह काढून
अँप्लिफायर बांधला होता; तो तापला की त्यातून
आकाशवाणीचे बाजारभाव यायचे.
टेप तेवढा बॅटरीवरचा.
एका जर्मनानं परतीच्या भाड्यासाठी गहाण टाकलेला,
स्पूल एकच, पुसून पुसून पातळ झालेलं.

पाच बेचाळीस.
ओर्लांदची गिटार गेली. ऑर्गन गेला. माइक गेला.
मिंगेल थांबला नाही, त्याला वीज लागत नव्हती.
एर्मेलिंद थांबली नाही, ती डोळे मिटून होती.
तिचा आवाज एकदम लांब गेला,
पैलतीरावरून तरीवाल्याला हाक द्यावी तेवढा लांब.
ओर्लांदचं बोट तारेवरून उचलायचं राहून गेलं,
म्हणून वीज आली तेव्हा
गिटार हंबरली.

‘बार्ज नंबर नऊ’ तुम्ही ऐकलं असणारच.
मुंबईच्या कंपनीनं एका आवृत्तीत
ती जागा व्हायोलिनांनी बुजवली;
लोकांनी कॅसेटी परत नेऊन दिल्या.
शिलाँगचा एक बँड, म्हणे, धाकट्या भावाला
खास मेन स्विचपाशी उभा करतो.
मडगावात एका लग्नात नवऱ्याचा मामा
उत्साहाच्या भरात अख्ख्या हॉलचा फ्यूज घालवून बसला.
एका प्राध्यापकांनी लिहिलं, ती पोकळी म्हणजे खाण:
डोंगराच्या पोटातून काढून नेलेलं सगळं.
मला ते पटतंही. तरी म्हैस आठवते.

कव्हरवर पाच नावं आहेत. जर्मनाचंसुद्धा.

बार्ज आता जुवारीच्या चिखलात कलंडल्यात,
त्यांच्या पत्र्यावर पाणकावळे पंख वाळवतात.
ज्या इंजिनाचा ठेका, ते भंगारात गेलं,
आणि शॅकवरची पोरं मान हलवत तोच ठेका
टेबलावर वाजवतात, नदी न पाहिलेली पोरं.

बापानं गाणं ऐकलं ते कदंबच्या बसमध्ये,
निवृत्तीनंतर, केप्याला जाताना.
मधली जागा आली तसा तो ड्रायव्हरकडे बघू लागला.
‘ह्याचं वायरिंग गेलंय.’
मी त्याला सगळं सांगितलं, तारखेसकट.
तो बराच वेळ खिडकीबाहेरचे खांब मोजत होता.
मग म्हणाला, ‘एक मिनिट लिहिलं होतं मी.
भरलं किती?’
चव्वेचाळीस सेकंद, मी म्हटलं.
‘मग बरं काम केलं,’ तो म्हणाला,
आणि तिकीट नीट घडी करून वरच्या खिशात ठेवलं.

अजून वीज गेली की मी मोजते.
चव्वेचाळीसला कधी येत नाही.
शेजारचा इन्व्हर्टर सुरू होतो,
आणि मी अंधारात उगाच
दोन जड, एक अडखळता,
ओट्यावर बोटांनी.