उलटी इयत्ता

सव्वीस जून. प्रवेशाच्या टेबलामागे
कूलर नुसताच घरघरतो, पाणी संपलंय.
समोर मिहानमध्ये नोकरी धरून परतलेले डोईफोडे,
सोबत मुलगा निहार,
आणि ल्योंच्या शाळेचा दाखला, तर्जुम्यासकट.

त्यावर लिहिलंय: सहावी पास, आता पाचवीत.

मी चष्मा पुसला.
काहून जी, नापास झाला का?
पोरगा हसला. तिकडे असंच असतं म्हणे,
सहावीनंतर पाचवी, मग चौथी, तिसरी,
दुसरी, पहिली,
आणि पहिलीच्या पुढे एक वर्ग, ज्याला आकडाच नाही.
नुसतं नाव: शेवटची.

परवा स्कॉटलंडहून एक 'प्रायमरी पाच' आली होती,
तिची आम्ही चौथी केली, बोटांवर वय मोजून.
माझा बाप सांगायचा, मी व्हर्नाक्युलर फायनल.
ती नेमकी कितवी, घरात कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं,
पण पोस्टातली नोकरी तिच्यावरच लागली.

रजिस्टरात रकाना एकच, अंगठ्याएवढा.
लिहिलं: इयत्ता सातवी, तुकडी ब.
डोईफोडेंनी सही केली.

निहार तिथंच उभा.
'मॅडम, मग इकडे शेवटची कोणती?'
दहावी, म्हणाले. मग म्हणाले, बारावी.
मग कागद सारखे करत बसले.

ड्रॉवरात माझे पेन्शनचे फॉर्म.
मागच्या जूनमध्ये चार उरली होती, यंदा तीन.

शिपाई विचारतो, बाई, याला कुठं सोडू?
सातवी ब, जिना चढून उजवीकडे.
आणि आधी कूलरमध्ये पाणी टाक, बापा.