आठ बेचाळीस

वसमतच्या मोंढ्यात मी हळदीच्या पट्ट्या लिहितो.
कट्टे, वजन, तोलाई, हमाली, निव्वळ रक्कम.
संध्याकाळी बोटं कितीही घासली तरी
रिमोटचं आवाज वाढवायचं बटण पिवळं ते पिवळंच.

साडेआठला आमच्या खोलीत बाया जमतात.
प्रयागबाई दाराशी, गुडघा लांब करून.
रुक्साना भाभी वाटाणे सोलत,
तिची शबाना भूगोल उघडा ठेवून टीव्हीकडं.
आई पलंगावर. मी आईच्या मागं,
म्हणजे एखादा हमाल दारावरून गेलाच तर
मुंजाजी आईला औषध देतोय, असं दिसावं.

आणि आठ बेचाळीसला लाइट जाते.
नेमकी. सून पाकीट फोडते, तिचे डोळे
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मोठे होतात
आणि खोलीत उरतो मच्छर अगरबत्तीचा लाल ठिपका.

"कामून गेली मेली," प्रयागबाई म्हणते.
"मुंजाजी, काय असंल रे त्या पाकिटात?"

असं सुरू झालं हे.
पहिल्या दिवशी मी म्हटलं, चिठ्ठी.
दुसऱ्या दिवशी नुसती चिठ्ठी चालेना.
कुणाची? कधीची? अक्षर बाईचं का बाप्याचं?
अंधारात बाया उलटतपासणी घेतात तेव्हा
माणूस एक तर पळतो, नाही तर लिहायला लागतो.
मी पळालो असतो,
पण दाराशी प्रयागबाईचा गुडघा.

मग वही आणली, दोनशे पानी.
पहिल्या कथेत सगळे जिना उतरत होते.
राग आला की उतरायचे, रडू आलं की चढायचे.
आमच्या गल्लीत कुणाकडं जिना नाही.
मला माहीत तो तहसीलचा,
कोपऱ्यात पिचकाऱ्या, तिसरी पायरी फुटकी.
माझी नायिका रेशमी पदर सावरत
तिसऱ्या पायरीला अडखळली, आणि बसली तिथंच.
आठवडाभर. मला तिला उठवता येईना.

तेवढ्यात मालिकाच संपली. एका शुक्रवारी,
सगळे ओळीत उभे, हात जोडून, हसत.
आई म्हणाली, "आन् ती चहावाली?"
कोण चहावाली?
"ती रे. ट्रे घेऊन यायची. दोन महिने झाले, दिसलीच नाही."

तीनशे भागांत तिला एकच वाक्य होतं:
ताईसाहेब, चहा.
मग ती पडद्याच्या डाव्या अंगानं निघून जायची.
डाव्या अंगाला काय होतं
हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मी तिला वसमतची केली. नाव ठेवलं सोजर.
नवी मालिका लागली, लाइट जुन्याच वेळेला गेली,
आणि मी अंधारात सोजरला
डाव्या अंगानं बाहेर काढून बसस्टँडवर आणलं.
"पगार किती द्यायचे तिला?" रुक्साना भाभी.
ठाऊक नव्हतं.
"और ट्रे? उनका ट्रे लेके आ गई क्या?"
खरंच. ट्रे तिच्या हातातच राहिला होता.
वसमतची गाडी लागली, ती चढणार,
आणि लाइट आली.
सगळ्या माना टीव्हीकडं. आईचीसुद्धा.
सोजर एक पाय फुटबोर्डावर ठेवून तशीच.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात आवक फार, वही घरी.
एका पट्टीच्या मागं घाईत लिहिलं:
कंडक्टर म्हणाला, बाई, ट्रेचं अर्धं तिकीट लागंल.
ती पट्टी गेली कुरुंद्याच्या इंगोले काकांबरोबर.

आठ दिवसांनी काका आले.
चष्मा कपाळावर, पट्टी उलटी धरलेली.
"मुनीमजी, ही बाई कोण?
हिचं अर्धं तिकीट माझ्यातून कापलं का?"
शेठ बघायले. हमाल बघायले.
नाही काका, म्हटलं, तुमचा हिशेब चोख आहे.
त्यांनी पुन्हा वाचलं, ओठ हलवत, सावकाश.
घडी घालून पट्टी खिशात ठेवली,
चार पावलं गेले, अन् वळून म्हणाले,
"ट्रेचं कशाचं तिकीट?
भांडायचं की तिनं."